चालेल म्हटलेला रॉड

मुलगी: पिस्टन नवा, रिंगा नव्या, व्हॉल्व्हचे गाइडही नवे. मग कनेक्टिंग रॉडच तेवढा जुना का?

मिस्त्री: तो चालेल. लिही तसं.

मुलगी: बाबा, परत एकदा बघा ना.

मिस्त्री: बघितला. बाजूला हलतो, तेवढा हलायलाच पाहिजे. वर-खाली हलत नाही. पासष्ट वर्षांच्या मोटारसायकलचं इंजिन आहे, सगळंच नवं घालत बसलो तर जुनं राहिलं काय त्यात?

मुलगी: वर-खालीच हलतोय. मी ओढला तेव्हा खालच्या बेअरिंगमध्ये खट झालं.

मिस्त्री: तुला बाजूचा हेलकावा लागला असेल.

मुलगी: नाही. रॉकेलने धुतला, हवा मारून सुकवला, क्रँक शिकंज्यात बांधला आणि दोन बोटांत धरून सरळ वर ओढला. तुम्हीच शिकवलंय तसं. हा घ्या, ओढा.

मिस्त्री: ओढला.

मुलगी: लागला खटका?

मिस्त्री: नाही लागला.

मुलगी: आत्ता मला ऐकूसुद्धा आला, बाबा.

मिस्त्री: बाहेर ग्राइंडर चाललाय कुणाचा तरी.

मुलगी: डोळे मिटा जरा.

मिस्त्री: काय खेळ लावलायस?

मुलगी: मिटा ना. उजवा हात पुढे करा. बोटांच्या टोकांवर मी काय ठेवलंय, सांगा.

मिस्त्री: रिंग आहे.

मुलगी: नीट सांगा.

मिस्त्री: मग पिस्टनची गजनपिन. गार लागतेय.

मुलगी: डोळे उघडा.

मिस्त्री: कुठाय पिन?

मुलगी: काहीच ठेवलं नव्हतं. कधीपासून आहे हे?

मिस्त्री: मधूनमधून मुंग्या येतात. वयच झालं माझं.

मुलगी: बाबा, कधीपासून?

मिस्त्री: गेल्या हिवाळ्यापासून. आधी करंगळी गेली. मग चहाचा कप धरला आणि चटका लागलाच नाही. फोड आला तेव्हा कळलं.

मुलगी: आणि तुम्ही इंजिनं पास करत राहिलात.

मिस्त्री: चाळीस वर्षांचा अंदाज आहे गं. तो काय बोटांतच असतो का?

मुलगी: हा खटका बोटांतच असतो. किती गाड्या गेल्या तेव्हापासून?

मिस्त्री: तीन.

मुलगी: कुठल्या?

मिस्त्री: एक त्या हॉटेलवाल्याची, दिवाणखान्यात शोभेला ठेवलीय. एक वकिलांची, तिला अजून आरटीओचा नंबर मिळायचाय. आणि मास्तरांची.

मुलगी: मास्तरांच्या गाडीत रॉड कुठला घातलात?

मिस्त्री: जुनाच.

मुलगी: खात्री होती?

मिस्त्री: ओढून बघितला, काही लागलं नाही. मनात पाल चुकचुकली होती. पण ते समोर उभे होते, म्हणाले, मिस्त्री, तुमचा शब्द म्हणजे शब्द. मी चालेल म्हणून गेलो.

मुलगी: मास्तर आज लेकीकडे निघालेत. काकूंना मागे बसवून. दोन तासांपूर्वी हवा भरायला आले होते इथे.

मिस्त्री: डोंगरातल्या रस्त्याने?

मुलगी: दुसरा रस्ता आहे का?

मिस्त्री: फोन लाव.

मुलगी: लावतेय. वाजतोय नुसता.

मिस्त्री: चढाला जोर येतो इंजिनावर. उताराला वेग. बेअरिंग गेलं की रॉड मोडतो, रॉड मोडला की इंजिन जागच्या जागी आवळतं. मागचं चाक लॉक. परत लाव.

मुलगी: उचलत नाहीत. काकूंचाही लागत नाही. मी जाते मागून.

मिस्त्री: दोन तास झाले त्यांना निघून. तू कुठे गाठणार?

मुलगी: मग काय करू, बसू हातावर हात ठेवून?

मिस्त्री: लावत राहा. थांबू नकोस.

मुलगी: थांबा, थांबा, त्यांचाच आला. स्पीकरवर टाकते.

मास्तर: नमस्कार. अहो, सहा वेळा वाजला तुमचा फोन. पण वाहन चालवताना फोन घेऊ नये, हे जन्मभर मुलांना सांगितलं, आता मीच कसा नियम मोडू? पेट्रोल पंपावर थांबलो, तेव्हा म्हटलं आधी...

मिस्त्री: मास्तर, गाडी बंद आहे ना?

मास्तर: बंद आहे. आत्ताच पेट्रोल भरलं. चढ कसा चढली म्हणून सांगू, ही तर म्हणाली...

मिस्त्री: काही आवाज येतोय का?

मास्तर: विशेष नाही. घड्याळाच्या दुकानात शिरल्यासारखं जरा टकटक वाजतं. शेवटच्या दोन वळणांवर थोडं मोठ्याने. ऐकवू का सुरू करून?

मिस्त्री: नको. किल्ली काढा. हात लावू नका तिला.

मास्तर: मिस्त्री, समोर आता उतारच आहे. सावकाश नेतो की.

मिस्त्री: नाही. ऐका माझं. तुमच्या गाडीचा रॉड मी नीट तपासलेला नाही.

मास्तर: तपासलात की. मी समोर होतो.

मिस्त्री: माझ्या बोटांना कळत नाही, मास्तर. बरेच महिने झाले. तपासल्यासारखं केलं आणि चालेल म्हणालो.

मास्तर: तुम्हाला त्या वेळी माहीत होतं हे?

मिस्त्री: होतं.

मास्तर: आणि मी हिला मागे बसवून...

मिस्त्री: हो.

मास्तर: का नाही सांगितलंत?

मिस्त्री: भीती वाटली. बोटं गेली म्हटल्यावर मला दुकानात कोण उभं करणार? आता त्याहून मोठी भीती वाटतेय.

मुलगी: मास्तर, मी टेम्पो घेऊन निघते. तुम्ही दोघं सावलीत बसा. पायीसुद्धा ढकलू नका गाडी.

मास्तर: या. बसतो आम्ही. हिला काय सांगायचं ते बघतो.

(त्याच दिवशी, तिसऱ्या प्रहरी. मास्तरांच्या गाडीचं इंजिन बाकावर उघडलं आहे.)

मुलगी: दिसतंय का, मास्तर? खालच्या बेअरिंगचे रोलर ज्यात बसतात, तो हा पिंजरा. दोन ठिकाणी तुटलाय. एक तुकडा तेलात सापडला.

मास्तर: उताराला तग धरला असता का?

मुलगी: सांगता येत नाही. कदाचित धरला असता. कदाचित पहिल्याच वळणावर गेला असता.

मास्तर: मिस्त्री, तुम्ही काही बोला.

मिस्त्री: वकिलांना फोन केला आत्ता. म्हटलं, नंबर मिळाला तरी गाडी काढू नका. हॉटेलवाल्यालाही कळवलं. वकिलांनी पुढचं ऐकून न घेताच फोन ठेवला.

मास्तर: मीही ठेवणार होतो. गाडी राहू दे इथेच. पण यापुढे तपासेल ती तुमची मुलगी.

मिस्त्री: तीच तपासेल. मी आवाज ऐकेन, तोही ती म्हणेल तेव्हा. वहिनी कुठायत?

मास्तर: बाहेर बाकड्यावर. आत यायचं नाही म्हणते. मघापासून माझ्याशीही बोललेली नाही.

मिस्त्री: मी जातो. हा तुकडा दाखवतो त्यांना. न बघता त्यांनी मला काही म्हणू नये.

मास्तर: ती काहीही म्हणेल.

मिस्त्री: म्हणू देत.

मुलगी: बाबा, फडक्यात धरून न्या. कडा धारदार आहेत.

मिस्त्री: मला कुठे लागणार आहे?

मुलगी: म्हणूनच.