धुक्यातल्या फोटोंची परीक्षा

शाहीन, युनूसभाऊ आणि राजुऱ्याहून आलेली रफिकच्या घरची इतर माणसं, जंगलाकाठच्या गावांतून कामं टाकून आलेले भाऊ-बाई, आणि नागपूरचे पाहुणे.

मी कॉलेजात गणित शिकवलं. संगणक आले तेव्हा तेही शिकवले. उभं राहून बोलणं हा माझा धंदाच होता. आज टेबल धरून उभी आहे. कुणी खुर्ची पुढे करू नका. बसले तर बोलणं होणार नाही.

रफिक शेख गेला. गावातून वाघाच्या भोंग्याच्या डब्याची पाहणी करून परतताना छातीत कळ आली आणि तो दवाखान्यापर्यंतही थांबला नाही. माझ्या आधी बोललेल्यांनी त्याला देवमाणूस म्हटलं. तो देवमाणूस नव्हता. हट्टी होता. फोन केला की 'हॅलो'सुद्धा म्हणायचा नाही, सरळ अडचण सांगायला लागायचा. पण काम नीट करायचा. नीट म्हणजे काय, एवढंच मला सांगायचं आहे. कारण ते इथे सांगू शकेल अशी मी एकटीच उरले आहे. हे मोठेपणाने म्हणत नाही. मला ते अजिबात आवडलेलं नाही.

गावाच्या कडेला खांबावर त्याचा कॅमेरा आहे आणि खाली लोखंडी डबा. डब्यात छोटा संगणक. कॅमेरा फोटो काढतो, संगणक बघतो, वाघ असला तर भोंगा वाजतो. थंडीत सरपणाला आणि उन्हाळ्यात मोहफुलं वेचायला पहाटे निघणाऱ्या बाया आधी त्या भोंग्याचा कानोसा घेतात. भोंगा गप्प असेल तर निघतात. लक्षात घ्या. गप्प असेल तर निघतात.

दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत एका पहाटे तो गप्प होता. धुकं होतं. वच्छलाबाई, तुम्ही समोर बसल्या आहात म्हणून सांगते. तुम्ही बोडीच्या, म्हणजे तळ्याच्या, पाळीवर पोचलात आणि वाघ पाळीच्या दुसऱ्या टोकाला उभा होता. पाठ न फिरवता, एकेक पाऊल मागे टाकत तुम्ही गावात आलात. डब्याचा हिरवा दिवा चालू होता. आतला प्रोग्रॅम मात्र मरून पडला होता.

गावातल्या देवाजीभाऊंनी रफिकला धरलं. "दिवा त जयत होता, भोंगा काऊन नाई वाजला?"

रफिकने सगळं तपासलं होतं. त्याचा प्रोग्रॅम जावा भाषेत होता आणि जावाचा हिशेब सांगत होता की मेमरी भरपूर मोकळी आहे. तरी संगणक मेमरी संपून बंद पडला होता. दोन्ही गोष्टी खऱ्या कशा असतील? हा प्रश्न घेऊन तो माझ्या दारात आला. मी त्याला कधी शिकवलेलं नव्हतं. कुणीतरी सांगितलं होतं, त्या खडूस बाईंना सी भाषा येते.

आत येऊन म्हणाला, "बाई, तुम्ही चिडता म्हणते लोकं. खरं हाय काय?"

मी म्हटलं, "चपला बाहेर काढ, मग सांगते."

ज्यांना यातलं कळत नाही त्यांनी कंटाळू नका, सोपं आहे. जावाच्या घरात एक झाडणारा असतो. ज्या वस्तूचं काम संपलं ती तो स्वतःच उचलून नेतो. सीच्या घरात असं कुणी नाही. मेमरीतली जागा तुम्ही घेतली, तर काम झाल्यावर तुम्हीच सोडायची. फोटो ओळखणारी यंत्रणा सीमध्ये लिहिलेली होती. म्हणून दोन घरांमध्ये रफिकने दार पाडलं होतं. फोटो दारातून पलीकडे जायचा. पलीकडे त्याच्यासाठी मोठी जागा लागायची आणि जावाच्या हातात नुसती चिठ्ठी यायची. धान्य गोदामात, हातात टोकन, तसं. झाडणारा बघायचा, घरात काय आहे? चार टोकनं. त्यांचं वजन ते किती! तो झाडू उचलायचाच नाही. पलीकडे गोदाम छतापर्यंत भरत असायचं.

हे त्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे मी मोजून राह्यलो टोकनं, आन् पोती मोजालेच कोणी नाई."

बरोबर. तिथून आमचं काम सुरू झालं. सीची बाजू माझी, जावाची त्याची. जागा कुणी सोडायची यावरून भांडणं. तो म्हणायचा, "बाई, तुमच्या सीले मायबाप नाई काय?" मी म्हणायचे, "आहेत. पण ते मुलांची उष्टी ताटं उचलत नाहीत." शेवटी नियम ठरला. ज्या बाजूने जागा घेतली, सोडायची त्याच बाजूने. दुसऱ्याने हात लावायचा नाही. कारण दोघांनी सोडली तर प्रोग्रॅम तिथल्या तिथे कोसळतो, आणि दोघांनीही दुसरा सोडेल म्हणून वाट पाहिली, तर धुक्यातली ती पहाट होते.

मग चाचणी. त्याने मला त्याची जुनी चाचणी दाखवली. डब्याला एकामागून एक फोटो द्यायचे आणि आतली मेमरी वाढते का ते पाहायचं. वाढत नव्हती. चाचणी पास. मी फोटो पाहिले. सुंदर होते. स्वच्छ ऊन, स्वच्छ वाघ. लग्नाच्या अल्बममध्ये लावावेत असे.

मी विचारलं, "खराब फोटो कुठे आहेत?"

"ते त मी डिलीट केले, बाई. कोन पाह्यते ते?"

"डबा पाहतो."

त्याचा चेहरा मला अजून दिसतो. फोटो चांगला असला की काम पूर्ण व्हायचं आणि जाता जाता जागा सुटायची. पण फोटो धुक्याने पुसलेला किंवा अर्धवट तुटून आलेला असला, तर सीची यंत्रणा म्हणायची, हा मला वाचता येत नाही, आणि प्रोग्रॅम मधल्याच दाराने बाहेर पडायचा. जागा सोडण्याची ओळ पुढे राहायची. तिच्यापर्यंत कुणी पोचायचंच नाही. म्हणजे हा दोष उन्हात दिसणारच नव्हता. तो धुक्यातच साचणार होता. माणसालाही दिसत नाही, नेमका तेव्हा.

दुसऱ्या दिवसापासून रफिक खराब फोटो जमवायला लागला. भिंगाला चिखल फासला. फोटो येता येता वायर उपटली. खोबरेल चोपडून पाहिलं. शाहीन, तुझी तेलाची बाटली नवऱ्याने कुठे नेली हे तुला तेव्हा कळलं नव्हतं. आता कळलं.

आणि एक खोड त्याला लागली. मला वाटतं तीच त्याची खरी विद्या. चाचणी पास झाली की तो खूश व्हायचा नाही. तो प्रोग्रॅममध्ये मुद्दाम एक गळती पेरायचा. एके ठिकाणची जागा सोडायची ओळ काढून टाकायचा आणि चाचणी पुन्हा चालवायचा. चाचणीने गळती पकडली, तरच तिला चाचणी म्हणायचं. नाही पकडली, तर आधी चाचणीच दुरुस्त करायची. मी आयुष्यभर पेपर तपासले. कुणालाच नापास करत नाही ती परीक्षा नव्हे, हे मी स्टाफरूममध्ये ओरडून सांगत असे. कुणी ऐकत नसे. हा माणूस न सांगता ते करत होता. एकदा त्याने न विचारता माझ्या बाजूला गळती पेरली. संध्याकाळी, नमाज झाल्यावर, नेहमीप्रमाणे फोन.

"बाई, सापडली काय?"

"सापडली. आणि पुन्हा माझ्या कोडला हात लावलास तर कान धरीन."

"पोराबाळाचा बाप हाय मी."

"मग पोरांसमोर धरीन."

तो हसला. असा फोन रोज यायचा. मी एकटी राहते. माझी त्याबद्दल तक्रार नाही. मला माणसांची फार हौसही नाही. पण दिवसभर जे डोक्यात घोळलं, ते संध्याकाळी अर्ध्या वाक्यात कळणारा एक माणूस होता. पूर्ण वाक्य बोलायची गरज नव्हती. आता माझ्याकडे पूर्ण वाक्यं आहेत. ती कुणाला सांगू?

आता कामाचं बोलते. ही जागा त्यासाठी आहे का? आहे. सभा सुरू होण्याआधी देवाजीभाऊंनी मला दारातच विचारलं, "बाई, रफिकभाऊ त गेले. आता नवा डबा लागन का नाई?" प्रश्न योग्य आहे. सध्याच्या डब्यातली गळती आम्ही बुजवली, पण तो बैल दिसला तरी बोंबलतो. रानडुक्कर दिसलं तरी बोंबलतो. लोक वैतागले आहेत, आणि वैतागलेला माणूस एक दिवस भोंग्याकडे लक्ष देणं सोडतो. तो धोका मला कळतो. नव्या डब्यातली यंत्रणा वाघ अचूक ओळखते. ती रफिकने तयार केली, सीची बाजू माझी. नागपूरचे पाहुणे ती आणखी गावांत लावू म्हणतात. मघाशी त्यांच्यातल्या एकाने मला आदराने सांगितलं, रफिकची आठवण म्हणून या महिन्यातच लावू.

तर सगळ्यांसमोर सांगते. नव्या डब्याची चाचणी नापास आहे.

चांगल्या फोटोंवर पास आहे. धुक्याच्या, तेलाच्या, तुटलेल्या फोटोंवर मेमरी चढत राहते. हळू चढते, पण उतरत नाही. रफिकला हे माहीत होतं. म्हणूनच त्याने डबा अडवून ठेवला होता. त्याला सुचवलं गेलं, रोज एकदा बंद करून चालू करत जा, गोदाम आपोआप रिकामं होईल. तो म्हणाला, "बंद करून चालू होयेपर्यंत वाघ थांबते काय?" मी तेव्हा समोर होते. सुचवणारे गृहस्थ आज सभेत आहेत. त्यांचा राग नाही. ते घाईत होते, वाईट नव्हते.

तो गेल्यापासून ती चाचणी मी घरी चालवते आहे. माझी बाजू वरून खाली तपासली. जागा जिथे घेतली आहे, तिथे सोडली आहे. म्हणजे गळती त्याच्या बाजूला असावी, नाहीतर दारात. त्याचं जावा मला वाचता येतं, पण त्याच्यासारखं दिसत नाही. परवा पडद्यावर मेमरीची रेघ चढताना पाहून मी मोठ्याने म्हटलं, "रफिक, तुझ्या बाजूला बघ." घरात पंखा फिरत होता. तेवढाच आवाज.

म्हणून देवाजीभाऊ, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. जुना डबा चालू ठेवा. बैलावर बोंबलला तर बोंबलू द्या. हसा, शिव्या द्या, पण वाजला की थांबा. हिरव्या दिव्यावर विसंबू नका. पहाटे निघायच्या आधी भोंग्याचं बटण दाबून आवाज ऐका, तो आतला प्रोग्रॅम जिवंत असेल तरच येतो, आणि आवाज आला नाही तर त्या दिवशी चूल शेजारणीच्या सरपणावर पेटवा. नवा डबा चाचणी पास झाल्याशिवाय एकाही खांबावर चढणार नाही. पाहुण्यांनो, आठवण म्हणून तर मुळीच नाही. त्याची आठवण ठेवायची असेल तर मला जावा उत्तम येणारं एक माणूस द्या. पुण्यात, हैदराबादेत आपली कितीतरी मुलं-मुली हेच काम करतात. या सभेत कुणाची भाची असेल, कुणाचा जावई असेल. संध्याकाळी फोनवर बसलं तरी चालेल. मी चिडते, हे आधीच सांगून ठेवा.

शाहीन, तुला काय सांगू? धीर धर म्हणणार नाही. लोक आठवडाभर तेच म्हणत असतील. तो घरी उशिरा यायचा, जेवताना मोबाइलवर रेघा बघत बसायचा, याचा तुला राग होता. असू दे. राग खरा होता. फक्त एवढं ऐक. त्या रेघेच्या दुसऱ्या टोकाला वच्छलाबाई होत्या. त्या आज चालत या सभेला आल्या आहेत.

आता सगळ्यांनी उभं राहू. माझे शब्द संपले. ज्याला फातिहा येते त्याने मनात म्हणावी, ज्याला येत नाही त्याने नुसतं गप्प राहावं. मौन संपलं हे मी सांगणार नाही. ज्याला जेव्हा वाटेल तेव्हा त्याने बसावं.

रफिक, तुझं शेवटचं काम नापास आहे, आणि तू गेलास म्हणून त्याला मी पास करणार नाही. सलाम घे.