संगणकाला न दिसलेलं गवत

मंडळी, एक सांगा — यश मिळालं की आपण हात कुणाला जोडतो? देवाला. बरोबर! मग गुरूला. आणि त्यानंतर? बघा, सगळे गप्प! ऐका तर.

नाशिककडे मृणाल ठोसर म्हणून एक गोल्फ खेळणारी बाई. गोल्फ म्हणजे काय? भलंमोठं मैदान, हातात काठी, आणि फुलपात्राएवढा खळगा. हसू नका! शेवटी हिरवळीवर चेंडू हलकेच ढकलून त्या खळग्यात घालायचा, त्याला पट म्हणतात. लांब टोल्यात मृणालचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण शेवटच्या हिरवळीवर, चार पावलांवरून चुकायची! तीन वर्षं अंतिम फेरीत अशीच हरली. घरी येऊन म्हणाली, काठ्या देऊन टाका कुणाला तरी.

तिचा थोरला भाऊ श्रीकांत कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचा. त्यानं तीच हिरवळ संगणकावर उभी केली. उतार किती, वेग किती, गवत चेंडूला किती अडवतं — सगळं गणित! मृणाल घरात गालिच्यावर चेंडू ढकलायची, कॅमेरा वेग टिपायचा, आणि पुढचा चेंडू पडद्यावर घरंगळायचा. महिन्याभरात तिथं चूक होईना. मैदानावर मात्र चेंडू वीतभर अलीकडेच थांबे! श्रीकांतनं गणित तीनदा तपासलं. चूक सापडेना.

शेवटी तो गेला गेनूभाऊ शेलारांकडे. बावीस वर्षं ते गवत राखणारा माणूस. गेनूभाऊ खाली बसले, गवतावरून तळहात फिरवला, म्हणाले, इथली पाती त्या कडेच्या ओढ्याकडे झुकतात. ओढ्याकडे चेंडू पळतो, उलटा गेला की अडतो.

हाताला कळलेलं ते श्रीकांतनं गणितात घातलं. मृणालनं पुन्हा दोन महिने सराव केला. चौथ्या वर्षी तीच हिरवळ, तेवढंच अंतर. चेंडू ओढ्याच्या उलट दिशेला जायचा होता. तिनं किंचित जोर वाढवला. चेंडू काठावर रेंगाळला — आणि आत गेला!

चषक घेऊन ती थेट गेनूभाऊंकडे गेली. ते पाणी घालत होते. तिनं वाकून नमस्कार केला.

"ताई, मी काय केलं? गवतच तर राखलं."

"भाऊ, तुम्ही सांगितलंत म्हणून चेंडू आत गेला."

गेनूभाऊंनी पाणी बंद केलं. मग म्हणाले, "बावीस वर्षांत गवताबद्दल मला कुणी काही विचारलं नव्हतं. तुमच्या दादांनी विचारलं. हात मीच जोडायला पाहिजेत."

मंडळी, तुम्ही बसलात ती सतरंजी कुणी अंथरली? नाव ठाऊक आहे? मलाही नव्हतं, आल्यावर विचारलं. वत्सलाबाई काळोखे. त्या मागे खांबापाशी उभ्या आहेत. जाताना तिकडून जा.