पहाऱ्यावर कोण?

(भर दुपार. तिसऱ्या मजल्यावरची एकच खोली. बेघरांना खोल्या देणाऱ्या संस्थेच्या ताई आठवड्याच्या भेटीला आल्या आहेत.)

ताई : गादीवरचं प्लास्टिक अजून काढलं नाहीत, मिस्त्री? दोन महिने झाले खोली मिळून.

मिस्त्री : नवी आहे. मळेल.

ताई : मळायलाच असते गादी. तुम्ही पुन्हा जिन्यात झोपलात ना?

मिस्त्री : झोपलो कुठे? पडलो होतो नुसता. खालच्या बाई ओलांडून चालल्या होत्या, मी आपलं म्हटलं, "सावकाश हं."

ताई : त्या किंचाळल्या. ही तिसरी तक्रार. उद्या बैठक आहे. या कागदावर सही करा, 'रात्री खोलीतच झोपेन.' नाहीतर खोली गेली म्हणून समजा.

मिस्त्री : खोटं कशाला लिहून देऊ? खोटं बोलून बोलून बायको घालवली. दारू सुटली, तर आता खोटंही सुटू दे.

ताई : आठ महिने झालेत सुटून. परत रस्त्यावर गेलात तर आठ दिवस टिकायचं नाही.

मिस्त्री : आठ? फार भरवसा बुवा तुमचा माझ्यावर.

ताई : हसण्यावारी नेऊ नका. काय खुपतंय या खोलीत?

मिस्त्री : सुतार माणूस मी, ताई. शेकडो दारं बसवली लोकांची. हे एक दार लावलं की छातीवर फळी ठोकल्यासारखं होतं. पुलाखाली मी आणि माझा जोडीदार, टोपी म्हणायचे त्याला, आळीपाळीनं झोपायचो. एक झोपला की दुसरा जागा. चपला, पांघरूण, जीव, सगळं त्याच्या हवाली. सात वर्षं. इथे डोळा लागतो न लागतो तोच दचकून उठतो. पहाऱ्यावर कोण आहे?

ताई : दाराला कडी आहे की.

मिस्त्री : कडी जागते होय?

ताई : टोपीचाही अर्ज करते मी. शेजारची खोली रिकामी होतेय.

मिस्त्री : टोपी गेला.

ताई : कधी?

मिस्त्री : मी इथे आलो, त्याच रात्री. निघताना म्हणालो, आज झोप बिनघोर, सकाळी येतो. पांघरूण कुणीतरी ओढून नेलं. गेलो तर थंडीनं लाकूड झालं होतं त्याचं. आणि मी रात्रभर ही गादी बघत बसलेलो.

ताई : मला का नाही बोललात?

मिस्त्री : बोलून? तुमच्या वहीत कुठल्या रकान्यात बसवला असतात त्याला?

ताई : ...झोप किती दिवसांची राहिलीय?

मिस्त्री : एक बाटली आणली की सकाळपर्यंत घोरेन. परवा दुकानाच्या पायरीपर्यंत जाऊन आलो.

ताई : घेतलीत?

मिस्त्री : नाही. उद्याचं सांगता येत नाही.

ताई : त्या चपला द्या इकडे.

मिस्त्री : कशाला?

ताई : माझ्याजवळ ठेवते. खुर्ची दाराला लावून बसते. तुम्ही झोपा.

मिस्त्री : तुमची पुढची भेट?

ताई : राहील. पाचपर्यंत आहे मी.

मिस्त्री : आणि पाचनंतर?

ताई : ते मलाही माहीत नाही.

मिस्त्री : ...हे प्लास्टिक फार वाजतंय.

ताई : वाजू दे आजच्या दिवस.

मिस्त्री : ताई.

ताई : झोपा ना आता.

मिस्त्री : पहारा बदलायच्या वेळी उठवा हं. तुम्हीही दमला असाल.