वहाणांचा नवस

सोमवारचा उपास होता. नगरच्या स्टँडवर शेवगावच्या गाडीसाठी मी रांगेत उभी होते. पुढे एक शेतकरी जोडपं, दवाखान्यातून आलेलं. तो अनवाणी, तिच्या मानेवर मऊ धडप्याची घडी.

"अवं, मानंतल्या गाठी पार गेल्या, डागदर दोनदा म्हनले! आता तरी वहाना घ्या."

"न्हाई. तुजी मान ठनकायची थांबंपतुर घालनार न्हाई, असं कानिफनाथाला बोललोय."

"पर हा ठनका रोगाचा न्हाई, मुंबईला मशीनचा शेक दिला त्याचा हाय. ऱ्हाईल म्हनले बरीच वरसं!"

"मंग तवर अनवानी. नवस मोडला आन गाठी परत आल्या म्हंजी?"

"ऐका तरी! डागदरनी इचारलं, लई कवा ठनकती? म्या म्हनलं, सांजंला. तर म्हनले, सांजंला काय करता?"

"काय करतीस?"

"आता घ्या! दुष्काळी कामावर तुमी दिसभर अनवानी. सांजंला तुमचं पाय मांडीवर घिऊन काटं कोन काढतं? तासभर मान खाली!"

"आगं, मंग आधी न्हाई का सांगायचं?"

"नवस बोलताना मला इचारलं हुतं? डागदर म्हनले, वाकू नका, मान हळूहळू फिरवा, ठनका निम्मा हुईल. आन तुमचा नवस मला वाकवतोय रोज!"

तेवढ्यात गाडी लागली. सगळे दाराकडे धावले. तो मात्र माझ्याकडे वळला.

"ताई, हितं वहानांचं दुकान कुटं हाय वं?"