माताईच्या हापिसातला शिक्का

सरकारी कागदाले वेळ लागते म्हणून काऊन रडता? माह्यं ऐका. वैनगंगेच्या पुरानं आमचं धान नेलं पोळ्याले, अन् परदेशातला गोरा सायब दुधाच्या भुकटीचे डबे घेऊन गावात आला तो शिमग्याले. तवर लेकरं पेजेच्या पाण्यावर. पण सायबापाशी दिल्लीचा, नागपूरचा, तहसीलदाराचा, सारे शिक्के होते.

तरी शिवेवर आमच्या गावदेवीच्या पुजाऱ्यानं त्याच्या बैलबंड्या अडवल्या. "माताईले विचारलं का? तिच्या हुकमाबगर नवं अन्न गावात येत नाई."

संगचा दुभाषी कपाळावर हात मारून म्हणे, "आता हे कोणतं हापिस?"

पुजाऱ्यानं तिथंच शिवेवरच्या माताईच्या दगडाले दोन ओले तांदूळ चिकटवले. उजवा पडला तं होकार, डावा पडला तं नकार. सारं गाव पाहून राह्यलं, पण एकही पडेना! माही पोरगी कडेवर भुकेनं रडे, अन् सायब घामानं भिजलेला.

शेवटी माही सासू उठली. "मी पाया पडतो," म्हणे. वाकली, अन् दगडाच्या उजव्या अंगाले कपाळ असं हाणलं का उजवा तांदूळ टपकन खाली!

पुजारी हळूच म्हणे, "बाई, हे काय केलं?"

"माताईले झोप लागली होती, भाऊ. जागं केलं."

दुभाष्यानं हे सायबाले सांगितलं, तं तो पोट धरून हसला. म्हणे, "ह्या बाईले आमच्यासंगं द्या. अजून लय हापिसं जागी कराची हायेत."