मिटलेले ओठ

डोळ्यांच्या दवाखान्यात नंबरासाठी बसलेल्या बाईंच्या हातात मासिक होतं, पण कान मात्र समोरच्या बाकावर होते. तिथे दवाखान्याचा झगा घातलेले एक म्हातारे शिंपी होते आणि शेजारी भारी कोटातली त्यांची एके काळची शिष्या.

“मास्तर, घाबरलात?”

“मोतीबिंदूला कोण घाबरतंय! या बाह्या बघ. हात शोधावे लागतायत.”

“अर्ध्या तासाचा तर प्रश्न आहे.”

“डिझायनर होतीस तेव्हा अशी बाही उसवून फेकली असतीस. कंपनीची अध्यक्ष झालीस आणि डोळा गेला तुझा.”

“आता नुसत्या सह्या करते. सहा वर्षांत कात्री धरली नाही.”

“मीटिंगमध्ये म्हणे ओठ घट्ट मिटून बसतेस. लोक चळाचळा कापतात.”

“तुम्हीच लावलेली सवय. तोंडात टाचण्या असताना बोलायचं नाही.”

“मग सांग की त्यांना!”

“सांगितलं तर कापतील कशाला? हसू नका, मास्तर. हात पुढे करा. हलायचं नाही.”

“अगं, या टाचण्या कुठून काढल्यास?”

“कोटाच्या कॉलरखालून.”

“नुसत्या सह्या करणारीला टाचण्या कशाला लागतात गं? ... अगं, बोल की!”

“उं.”