घडियाळीसाहेबांचं शेवटचं काम

तो नाही हव्वाबी, तो नाही — अहो ओढू नका, मूठ हातात येईल! तो दरवाजा उघडत नाही. भिंतीवर नुसता बसवलाय, दिसायला. न्हाणीघर डावीकडे. डावीकडे एक दरवाजा आहे म्हणून उजवीकडेही एक पाहिजे, असं साहेबांचं म्हणणं. मागच्या ईदला आमचे अलीमियाँ याच दरवाजाशी झटत होते, घाईची वेळ, बिचारे — जाऊ दे. या, बसा. सरबत घ्या. रशीदा येईलच खाली. बघायला पाहुणे आलेत म्हटल्यावर मुलीला जरा वेळ लागणारच. रशीदा! ऐकलंत? 'कमिंग, अम्मी.' मॅट्रिक झाल्यापासून ओ सुद्धा इंग्लिशमध्ये देते. पण मुलगी गुणाची हो, तुमच्या हारुनला अगदी शोभेल. अबुधाबीत तेलकंपनीचं स्टोअर सांभाळतो ना तो? माशाल्ला! आमच्याकडून होच समजा. मला तर हे रमजानच्या आधी उरकून टाकायचंय.

जिना बघताय ना? सगळे बघतात. दुसरं बघायला आहेच काय — निम्मं घर जिन्यातच गेलं. चार माणसं हातात हात घालून उतरतील एवढा रुंद, आणि वर काय? तर एक खोली आणि गच्ची. स्वयंपाकघर कुठाय विचारा. विचारा ना! या जिन्याखाली. मी भाताची पेज काढायला उठले की डोकं आपटतं, म्हणून वाकूनच रांधते. प्लॅन आला तेव्हा मी यांना म्हटलं, अहो, यात चूल कुठे दाखवलीय? हे गेले साहेबांकडे. साहेब चष्मा काढून म्हणाले, "खैरू, पॅरिस में किचन कोई पूछता नहीं था." खलास! विषय संपला.

कोण साहेब म्हणजे? घडियाळीसाहेब! मेहेरवानजी घडियाळी, मुंबईचे पारशी, मोठे आर्किटेक्ट. नाव नाही ऐकलं? आता कोणीच ऐकलेलं नसतं, तेच तर त्यांचं दुखणं. आमचे हे दापोलीहून पहिल्यांदा मुंबईला गेले ते त्यांच्याच ऑफिसात शिपाई म्हणून. नकाशांच्या गुंडाळ्या काखेत मारून सायटीवर न्यायच्या, एवढंच काम. पण तेव्हाच यांनी मनात धरलं, कधी घर बांधलं तर साहेबांच्या हातचंच बांधीन. मग इथे दुबईला आले, लाकडाच्या वखारीत राबले, शेठने खूश होऊन जागा दिली — आणि यांनी केली तार मुंबईला. मी म्हटलं, अहो, देऱ्याच्या बोळात घर, त्याला पॅरिसचा माणूस कशाला? आपला मोहिद्दीन गवंडी काय वाईट आहे? पण ऐकतील तर ना!

पॅरिसला शिकले ना ते, तरुणपणी, पहिल्या लढाईच्याही आधी. फार गरिबीत हो. सांगत ना ते, परीक्षेच्या दिवशी हातगाडी यायची, आणि ही मुलं गाडीवर चढून, हलत्या गाडीत चित्रं पुरी करायची. माझ्या तर डोळ्यांत पाणी आलं, म्हटलं, बसायला जागा नाही, कंदील नाही, हातगाडीवर अभ्यास! मग रशीदा म्हणाली, "नो अम्मी, गाडी चित्रं गोळा करायला यायची, ह्यांचं काम वेळेत व्हायचं नाही म्हणून हे वर चढायचे." म्हणजे आळशी! मी उगीच त्यांना महिनाभर तूप जास्त वाढलं.

तर मुंबईला आले आणि काय विचारता — ही बँक, ते थिएटर, जिकडे तिकडे खांब. थिएटरच्या छतावर पऱ्या. एका लहानशा संस्थानिकाचा राजवाडा बांधला, तर जिना एवढा मोठा केला की राणीसाहेब वरून निघाल्या की खाली पोचेपर्यंत पाहुण्यांचं जेवण व्हायचं. हाताखाली अठरा पोरं रेघा मारायला. आणि मग हव्वाबी, हवा फिरली. लोकांना काडेपेटीसारखी घरं आवडायला लागली. खांब कशाला, म्हणे, सिमेंट फुकट आहे का? एकेक करत अठराही पोरं गेली. संस्थानिक गेले, राजवाड्यात सरकारी कचेरी आली, जिन्यावर फायली वाळत घातल्या. साहेबांकडे शेवटचं काम आलं ते माहीमच्या एका दूधवाल्याच्या गोठ्याचं. त्यालाही साहेबांनी पुढे चार खांब काढून दिले. दूधवाला म्हणाला, साहेब, म्हैस कुठून जाणार? साहेब म्हणाले, म्हैस मधोमध जाणार, ॲक्सिसवर! तेही काम गेलं.

अशा वेळी यांची तार पोचली. ऐंशीला टेकलेला माणूस, कोट-टाय घालून बोटीतून उतरला, जूनमध्ये! खाडीच्या काठी उभा राहून टोपी काढली, चहूकडे बघितलं — वाळू, झावळ्यांच्या बरस्ती झोपड्या, घरात वारा ओढणारे चार बुरूज — आणि म्हणतो, "अच्छा है. अभी किसी ने बिगाडा नहीं." दीड वर्ष राहिला आमच्याकडे. मोहिद्दीनने पुढचे खांब चार वेळा पाडून चार वेळा बांधले. पाचव्यांदा पाडायला सांगितलं तेव्हा थापी टाकून तडक शारजाला निघून गेला, यांनी हातापाया पडून परत आणला. आणि एवढं होऊन झालं काय? घर तयार झालं त्याच साली रुपयाच्या नोटा बदलल्या, आणि पहाटेपासून आमच्या दारात ही रांग! जुन्या नोटांची पुडकी घेऊन वाळवंटातले बदू लोक उभे. खांब बघून त्यांना वाटलं हीच बँक. एक म्हातारा तर आत येऊन बसला, यल्ला यल्ला करत, म्हणजे लवकर आटपा. मी त्याला खजूर दिला, पाणी दिलं, तरी उठेना. साहेब इतके खूश, इतके खूश! म्हणाले, "देखो मैमुनाबी, आदमी को बताना नहीं पडता. खांब देखके भरोसा आता है."

रशीदा! पाहुण्या कधीच्या बसल्यात! — 'टू मिनिट्स.' काय करतेय म्हणजे? तयार होतेय. साडी — हो, साडी नेसतेय. — बरं, खरं सांगू का, नाही नेसत. सावली रंगवतेय. तुम्ही घरच्याच आहात आता, तुमच्यापासून काय लपवायचं? एका खांबाचं चित्र, आणि त्याची सावली. ब्रश पाण्यात बुडवायचा, शाई लावायची, वाळू द्यायची, परत लावायची, सकाळपासून एकच सावली! बाहेर एवढं ऊन पडलंय, सावल्या फुकट पडल्यात, आणि ही घरात बसून करतेय. साहेबांनी लावलेली सवय. शाळेतून आली की त्यांच्या टेबलापाशी उभी. बोलायची एक शब्द नाही, लाजाळू ना, नुसती बघायची. एक दिवस त्यांनी तिच्या हातात ब्रश दिला. जाताना यांना म्हणाले, "खैरू, साला पचास बरस ऑफिस चलाया, और शागिर्द मिला किधर? दुबई में, और वो भी छोकरी." आणि नाक शिंकरलं. मुंबईच्या आर्किटेक्टच्या कॉलेजात साहेबांनी तिच्या नावाने शब्द टाकून ठेवलाय. जूनमध्ये परीक्षा आहे, वसतिगृहाचं — नाही नाही, जायचं कुठलं! मी सांगितलंय तिला, हे खूळ सोड. यांचा थोडा कल आहे, पण मी नाही म्हटलं. पाच वर्षं मुंबईला एकटी मुलगी? आणि शिकून करणार काय, तर चूल विसरणार! तुम्ही काळजी करू नका.

काय म्हणालात? तिचा चित्रांचा बोर्ड इथेच ठेवायचा. हो, बरोबर आहे. नव्या घरात तो एवढा थोरला बोर्ड कशाला? कागदही. हो. — जाळून? कागद जाळून टाकायचे? — नाही, म्हणजे बरोबरच आहे, आठवण नको राहायला. — हं. हाताखाली आली की आठवड्यात खूळ उतरवीन, म्हणता.

हव्वाबी, खूळ हा माझा शब्द आहे. वर्षभर मी तिला खूळच म्हणतेय. पण मी म्हणते ना, तेव्हा तिचं ब्रशचं पाणी मीच बदलून ठेवते. सावली वाळेपर्यंत कोणी दार आपटू नये म्हणून दाराशी मीच बसते, भाजी निवडत. तुम्ही तर तिला अजून बघितलीही नाही. तुम्ही कशाचं खूळ उतरवणार?

नाही, रागावले नाही. रागावीन कशाला? हारुन चांगलाच मुलगा आहे. आमच्या शहरबानूची नूरजहाँ बघा त्याच्यासाठी, घावन असे जाळीदार काढते, आणि कागदाला हात लावत नाही. — सरबत राहू दे, नको असेल तर. चपला त्या तिथे. सांभाळून, बाहेर ऊन फार आहे.

रशीदा! अगं, नको येऊस खाली. पाहुण्या निघाल्या.